निळ्या माशाची मुलाखत

"माणूस दारातून आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत मला कळतं, हा टिकणार की पळणार!" असं भरतीसाहेब म्हणायचे. म्हणायचे म्हणजे, दिवसातून एकदा तरी म्हणायचेच! दाढी करताना आरशाला सांगायचे, बुटाची नाडी बांधताना बुटाला सांगायचे. उभी हयात त्यांनी एका मोठ्या कारखान्यात नोकरभरतीच्या खात्यात काढली होती. वेल्डरपासून हिशेबनिसापर्यंत शेकडो माणसं त्यांच्या टेबलासमोरून गेली होती. तिथल्या लोकांनी ठेवलेलं 'भरतीसाहेब' हे नाव निवृत्तीनंतरही गोंदल्यासारखं अंगाला चिकटून राहिलं होतं.

असा माणूस एक मासा निवडताना तोंडावर आपटेल, असं कुणाला वाटलं असतं का? मासा म्हणजे काय हो! ना त्याला शिक्षणाचा दाखला, ना मागच्या मालकाचं शिफारसपत्र. पण आपटले! आणि असे आपटले, की फरशी अजून खारट आहे.

झालं असं. बायको गेल्यावर भरतीसाहेब वर्षभर एकटे राहिले. रोज एकाच कपात चहा प्यायचे, तोच कप धुवायचे आणि उपडा घालायचे. एके दिवशी लेक आली, तिने तो उपडा कप बघितला आणि बॅग भरायला घेतली. ती फिजिओथेरपिस्ट. पडलेल्यांना उठवायचं आणि उठलेल्यांना चालवायचं, हाच तिचा धंदा!

"बाबा, उठा. डावा पाय पुढे. चला."

"अगं पण, जावयाच्या घरी कायमचं म्हणजे..."

"उजवा पाय."

आले बिचारे.

जावई माणूस भला. दातांच्या कवळ्या बनवायचा. घराच्या रस्त्याच्या टोकालाच त्याची छोटीशी कार्यशाळा होती. दिवसभर जगाच्या तोंडात लक्ष घालणाऱ्या या माणसाचं स्वतःचं तोंड मात्र कुलूप घातल्यासारखं बंद! सासऱ्यासमोर तर त्याने मिठाची गुळणीच धरलेली असायची. सकाळी दोघं समोरासमोर आले, की दोन सरकारी कचेऱ्यांमध्ये पत्रव्यवहार व्हावा तसं बोलणं व्हायचं.

"बाबा, चहा झाला?"

"झाला. जावईबापू, तुमचा?"

"झाला."

संपलं! त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळी.

बोलायचा तो फक्त टाकीशी. बैठकीच्या खोलीत एका अख्ख्या भिंतीला लागून त्याची खाऱ्या पाण्याची टाकी होती. आत समुद्राचा एक तुकडाच कापून आणून ठेवलेला! खडक, खडकांवर हिरवी-जांभळी जिवंत प्रवाळं, मध्ये बोटं हलवत बसलेलं एक समुद्रफूल. त्या फुलात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशचं जोडपं राहायचं. एक पिवळाधमक चपटा मासा दिवसभर इकडून तिकडे फेऱ्या घालायचा, निवृत्त लोक सकाळी घालतात तशा. आणि एक होता फायरफिश. नाव आगीचं, पण स्वभाव असा भित्रा, की कुणी शिंकलं तरी कपारीत! जावई त्या काचेला नाक लावून तासन्‌तास कुजबुजायचा. भरतीसाहेबांना कधी कधी वाटायचं, आपल्याला कल्ले असते तर बरं झालं असतं.

त्यांच्या मनाला आणखी एक गोष्ट टोचत होती. त्यांना दिलेली खोली आधी जावयाची होती. तिथे त्याच्या छोट्या टाक्या असायच्या, नवे मासे आणि प्रवाळाची बाळं वाढवायच्या. सासरे येणार म्हटल्यावर त्याने त्या टाक्या मित्रांना देऊन टाकल्या. हे भरतीसाहेबांना लेकीच्या बोलण्यातून, ओघात कळलं. जावई त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. रात्री दिवा मालवला, की भिंतीवर त्या टाक्यांचे फिकट चौकोन दिसायचे आणि भरतीसाहेब कुशीवर वळायचे. या माणसासाठी आपण काहीतरी केलं पाहिजे! पण काय? कवळीची तर त्यांना गरज नव्हती. बत्तीसच्या बत्तीस जागेवर!

आणि एका सकाळी संधी चालून आली. टाकीतला एक म्हातारा जांभळा मासा वारला. जावई खिन्नपणे म्हणाला, "एक जागा रिकामी झाली. पण घाई नाही. कोणाचं कोणाशी जमेल ते नीट बघूनच नवा आणावा लागेल."

जागा रिकामी! नीट बघून! भरतीसाहेबांची पाठ आपोआप ताठ झाली. हात नकळत टायची गाठ शोधू लागला. अहो, हेच तर केलं आयुष्यभर! जावई कार्यशाळेत गेला, लेक दवाखान्यात गेली, आणि भरतीसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून माशांच्या दुकानात गेले.

दुकानात काचांच्या रांगाच रांगा होत्या. कोपरापर्यंत ओले हात असलेली एक विक्रेती जाळी धूत होती.

"काय दाखवू, आजोबा?"

"उमेदवार," भरतीसाहेब म्हणाले.

तिने जाळी खाली ठेवली. "घरच्या टाकीत आधी कोण कोण आहे?"

"सगळे सज्जन आहेत."

"म्हणजे कुठल्या जातीचे मासे?"

"आम्ही जात विचारत नाही, फक्त वागणूक बघतो!" असं ठणकावून ते पुढे निघाले.

एकेका काचेसमोर ते थांबत, हात मागे बांधत आणि आतल्या माशाकडे चष्म्यावरून बघत. एक मासा तळाशी झोपला होता. नापास! एक त्यांच्याकडे पाठ करून होता. नापास! तिसरा सारखा तोंड उघडत होता. जास्त बोलणारे त्यांना कधीच आवडले नव्हते. आणि मग शेवटच्या काचेपाशी एक अंगठ्याएवढा मासा, विजेच्या ठिणगीसारखा निळा, सरळ पुढे आला आणि काचेला नाक टेकून त्यांच्या डोळ्यात डोळे घालून उभा राहिला!

"हा कोण?"

"डॅमसेल आहे तो. पण आजोबा, हा ना, एकदा जागा धरली की सोडत नाही."

"वा! म्हणजे टिकाऊ. लोक हल्ली सहा महिन्यांत सोडून जातात."

"तसं नाही. म्हणजे हा कुणाला जुमानत नाही."

"स्वाभिमानी आहे!"

"जेवणाला सगळ्यांच्या आधी हजर असतो, दुसऱ्यांना पोचूच देत नाही."

"वक्तशीर!"

विक्रेतीने त्यांच्याकडे बघितलं. मग निळ्या माशाकडे बघितलं. एवढ्या ठाम माणसाशी वाद घालण्यात राम नाही हे तिलाही कळलं असावं. तिने पिशवीत पाणी भरलं.

घरी आल्यावर भरतीसाहेबांनी सगळं अगदी जावई करायचा तसं केलं. टाकीवरची जाळी काढून बाजूला ठेवली, पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, तिच्यात थोडं थोडं टाकीतलं पाणी घातलं. मग छोट्या जाळीने नव्या उमेदवाराला अलगद आत सोडलं आणि रुजू होताना सगळ्यांना सांगायचे तेच सांगितलं. "मिळून मिसळून राहा!"

मग ते सोफ्यावर बसले. संध्याकाळी जावई येईल. टाकीकडे बघेल. थबकेल. म्हणेल, "बाबा, हे तुम्ही...?" आपण म्हणायचं, "त्यात काय मोठंसं!"

निळा मासा दोन मिनिटं शांत होता. मग त्याने मधल्या खडकातली गुहा बघितली. तिथे फायरफिश बसला होता. निळा आत शिरला आणि फायरफिश बाहेर आला, धक्के मारून बाहेर काढलेल्या भाडेकरूसारखा! त्यानंतर निळ्याने क्लाउनफिशच्या बायकोची शेपटी ओढली. तिच्या नवऱ्याने मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर त्यालाही चावा. आपल्यापेक्षा चौपट मोठ्या पिवळ्या माशाला तर त्याने असं पळवलं, की तो पिवळ्याचा पांढरा पडलाय की काय असं वाटावं! 'पाण्यात पाहणे' हा वाक्प्रचार भरतीसाहेब शाळेत शिकले होते. त्याचं प्रात्यक्षिक आज बघत होते.

"अहो! अहो, असं नाही करायचं!" ते काचेवर टकटक करत म्हणाले. "पहिलाच दिवस आहे तुमचा!"

निळ्याने त्यांच्या बोटाच्या दिशेने काचेला टक्कर मारली.

तेवढ्यात सळकन आवाज झाला. घाबरलेल्या फायरफिशने टाकीबाहेरच उडी मारली होती! जाळी अजून बाजूलाच पडलेली. भरतीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली, टेबलाखाली, उशांमागे शोधू लागले. "अरे बाळा, कुठे आहेस रे?" बाळ सापडलं ते त्यांच्या चष्म्याच्या उघड्या घरात, मखमलीवर आडवं, तोंड उघडत-मिटत. भरतीसाहेबांनी घरासकट त्याला पाण्यात बुडवलं. तो क्षणभर तसाच राहिला. भरतीसाहेबांचाही श्वास तसाच राहिला. मग शेपटी हलली आणि तो एका फटीत जाऊन बसला. भरतीसाहेब तिथेच फरशीवर बसले.

जाळी लावून त्यांनी दुकानात फोन केला.

"परत घेऊ की, आजोबा!" विक्रेती म्हणाली. "फक्त पकडून आणा."

"ते कसं?"

"अं... बहुतेक सगळे खडक बाहेर काढावे लागतील."

बहुतेक सगळे खडक! भरतीसाहेबांनी बाह्या खांद्यापर्यंत गुंडाळल्या. लेकीची व्यायामाची चटई अंथरली, बादल्या मांडल्या, आणि ज्यावर प्रवाळ नव्हतं असा पहिला खडक बाहेर काढला. खडकाबरोबर तांब्याभर पाणीही बाहेर आलं. दुसरा खडक. आणखी पाणी. निळा एका खडकामागून दुसऱ्या खडकामागे जायचा, आणि जाळी जिथे पोचायची तिथून तो नुकताच निघून गेलेला असायचा. कारखान्यात त्यांना एकच माणूस असा माहीत होता. तो कामगार पुढारी होता!

एवढ्यात फोन वाजला. लेक रोज दुपारी करायची.

"बाबा, जेवलात का? आणि धापा कसल्या टाकताय?"

"काही नाही गं. घरात एक नवीन आणलाय मी. जरा भांडखोर निघाला."

"कोणाला आणलंय?"

"बाजारात भेटला. दिसायला फार सज्जन होता! आल्या आल्या सगळ्यांना चावत सुटलाय."

"चावत?" लेकीचा आवाज चढला. "बाबा, अजून कोण आहे तिथे?"

"सगळे आपलेच. एकाने तर घाबरून उडी टाकली!"

"उडी? कुठून?"

"वरून! पण मी उचलला त्याला. आहे, जिवंत आहे. आता तो नवा कोपऱ्यात दबा धरून बसलाय. मी बघतो काय करायचं ते. तू जावईबापूंना मात्र काही सांगू नकोस हं!"

आणि त्यांनी फोन ठेवला, कारण निळा दिसला होता!

तिकडे दवाखान्यात एका पेशंटचा पाय लेकीने हवेत धरला होता. तो पाय हवेतच राहिला आणि ती कुबडी उचलून बाहेर पळाली. पळता पळता तिने दोन फोन केले. पहिला इमारतीच्या वॉचमनला, दुसरा अर्थातच जावईबापूंना.

वॉचमन आधी पोचला. हातात काठी, छाती पुढे. "साहेब, मागे व्हा! ताईंनी सांगितलंय सगळं. कुठाय तो?"

"तो काय, तिथे," भरतीसाहेबांनी टाकीकडे बोट दाखवलं.

वॉचमनने टाकीमागे बघितलं. पडद्यामागे बघितलं. "इथे तर कोणी नाही."

"मागे नाही हो. आत!"

"कशाच्या आत?"

"पाण्याच्या!"

वॉचमनने वाकून बघितलं. निळ्यानेही वॉचमनकडे बघितलं. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत होते.

"साहेब," वॉचमन हळूच म्हणाला, "याच्यासाठी काठी जरा मोठी होईल."

पण माणूस दिलदार. तो गेला नाही. टाकीपाशी काठी घेऊन उभा राहिला, पुन्हा कुणी उडी मारलीच तर झेलायला.

एव्हाना टाकीतलं पाणी चांगलं वीतभर खाली आलं होतं, आणि खाली आलेलं पाणी सोफ्याच्या पायांपर्यंत पोचलं होतं. भरतीसाहेबांनी विचार केला. खारं पाणी म्हणजे काय? पाणी आणि मीठ. पाणी नळाला आहे, मीठ स्वयंपाकघरात आहे. बुडत्याला काडीचा आधार, इथे तर मिठाचा अख्खा पुडा! त्यांनी पुड्याचा कोपरा दाताने फाडला, टाकीवर हात धरला...

"बाबा!"

दारात जावई उभा होता. धावत आल्यामुळे घामाघूम, अंगात कामाचा एप्रन, आणि एप्रनच्या खिशातून अर्धवट झालेली कवळी सगळ्यांकडे बघून हसत होती. जावयाने चटईवरचे खडक बघितले, फरशीवरचं तळं बघितलं, काठीवाला वॉचमन बघितला, आणि शेवटी त्याची नजर पुड्यावर स्थिरावली. पिस्तूल रोखलेल्या माणसाशी बोलावं तशा मऊ आवाजात तो म्हणाला, "बाबा, ते मीठ खाली ठेवा. हळूच. टाकीला खास समुद्री क्षारांचं वेगळं मीठ लागतं. हे गेलं तर सगळे जातील."

भरतीसाहेबांनी पुडा खाली ठेवला. आणि त्याबरोबर त्यांचं सगळं अवसान गळालं. भिजलेला शर्ट, गुंडाळलेल्या बाह्या, नाकावर शेवाळाचा हिरवा डाग. परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे ते उभे राहिले.

"जावईबापू, चूक माझी आहे," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, एवढं तरी आपल्याला जमेल. मला माणसं कळतात, कळतात म्हणून मिरवत आलो. मासाही कळला नाही. तो फायरफिश... तो मरता मरता वाचला हो!" त्यांचा आवाज फुटला. "मी उद्या परत जातो माझ्या घरी. तुमच्या टाक्या आणा परत. ती खोली त्यांचीच आहे."

वॉचमनने नजर छताकडे वळवली.

जावयाने एप्रन काढला. खुंटीला टांगला. मग म्हणाला, "बाबा, उजवी बाही खाली आलीय. वर करा. आधी पाणी कमी करू, म्हणजे त्याला पळायला जागा उरणार नाही."

त्याने एक लांब नळी आणली, तिचं एक टोक टाकीत टाकलं, दुसरं तोंडात धरलं आणि पाणी ओढलं. ते जरा जास्तच ओढलं गेलं! तोंडभर खारं पाणी! गाल फुगले, डोळे बाहेर आले, त्याने कशीबशी नळी बादलीत सोडली आणि खिडकीबाहेर चूळ टाकली. आणि काय चमत्कार! भरतीसाहेब या घरात आल्यापासून त्यांच्यासमोर धरलेली ती गुळणी एकदाची सुटली. जावई बोलायला लागला!

"माझ्या पहिल्या टाकीत मीही हाच आणला होता," तो तोंड पुसत म्हणाला. "हाच निळा. हाच तोरा! बाकीचे सगळे मित्राकडे पाठवावे लागले. महिनाभर मी एकट्या याला सांभाळत होतो, नोकरासारखा!"

"काय सांगता!"

"खरंच! रंगच असा असतो ना, बघितलं की माणसाचं डोकं चालत नाही. डावीकडून जाळी लावा. मी पलीकडून हाकलतो."

जावई पोटावर आडवा झाला. सासरे गुडघ्यांवर. वॉचमन बादल्या बदलत होता.

"जावईबापू, तुमच्या बाजूला आला!"

"नाही, तुमच्याकडे गेला!"

"अहो, हातामागे, हातामागे!"

"कुठल्या हातामागे?"

"अरे, तुझ्या उजव्या हातामागे रे, गाढवा!"

भरतीसाहेबांनी जीभ चावली. जावयाला अरे! वर गाढव! त्यांना वाटलं, आता खरंच बॅग भरायला लागणार. पण जावयाचे खांदे हलत होते. तो हसत होता! पोटावर पडल्या पडल्या, पाण्यात हात घालून, खदाखदा हसत होता.

"बाबा," हसू आवरत तो म्हणाला, "एक विचारू? लग्न ठरताना तुम्ही मला भेटायला बोलावलं होतंत. आठवतं?"

"आठवतं की. चांगला तासभर बोललो होतो आपण."

"आपण नाही. तुम्ही प्रश्न विचारत होतात. तुमची बलस्थानं कोणती? तुमचे दोष कोणते? पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? मी म्हटलं, पाच वर्षांनीही मी हिच्याबरोबरच असेन. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, 'ठीक आहे, आम्ही कळवू.'"

"मग?"

"मग काय? लग्न झालं. पण तुम्ही अजून कळवलंच नाही!"

जावई काचेकडे बघत बोलत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्ही राहायला आलात तेव्हापासून वाटतं, मुलाखत अजून चालूच आहे. काही बोललो आणि चुकलं तर? म्हणून गप्प बसतो. आणि टाक्यांचं मनावर घेऊ नका हो. टाक्या काय, कुठेही ठेवता येतात. तुम्हाला कुठे ठेवणार दुसरीकडे?"

शेकडो लोकांचे निकाल लावणारा तो माणूस! आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल सांगायचाच राहून गेला होता.

"अरे वेड्या," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांनी जीभ चावली नाही, "तू पहिल्या दोन मिनिटांत पास झाला होतास. पुढचा तासभर मी नुसताच, सवयीने..." त्यांनी ओल्या हाताने जावयाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याने जावयाचे केस ओले झाले आणि त्यांचे स्वतःचे डोळेही.

"साहेब," वॉचमन बादलीमागून म्हणाला, "तो निळा बघतोय तुमच्याकडे."

निळा खरंच उघड्यावर येऊन बघत होता. आणि त्याच्याकडे बघता बघता भरतीसाहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. कारखान्यात असा कुणाशीच न जमणारा माणूस आला, की त्याच्या मागे धावायचं नसतं. त्याला केबिन द्यायची!

"एक रिकामी बरणी आण," ते जावयाला म्हणाले. "काचेची, रुंद तोंडाची. स्वच्छ धुऊन."

जावयाने कॉफीची बरणी आणली. भरतीसाहेबांनी ती पाण्यात आडवी ठेवली, आत दोन दाणे खाद्य टाकलं आणि सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. तिघं श्वास रोखून बसले. निळा आला. बरणीभोवती फिरला. आत डोकावला. अशी स्वतंत्र, प्रशस्त, चारी बाजूंनी उजेड असलेली जागा त्याला जन्मात मिळाली नसावी. तो आत शिरला आणि तोंड बाहेर करून, कुणी आत येऊन तर बघा, अशा थाटात उभा राहिला. जावयाने बरणीच्या तोंडावर तळहात ठेवला आणि ती अलगद वर उचलली!

"पकडला!" तिघं एकदम ओरडले.

त्याच क्षणी दार धाडकन उघडलं आणि लेक कुबडी उगारून आत शिरली. "सोड त्यांना! माझ्या बाबांना हात लावलास तर..." ती थांबली. तिचा नवरा आणि तिचे बाबा पाण्यात बसकण मारून एकमेकांच्या गळ्यात पडले होते. वॉचमन टाळ्या वाजवत होता.

"चावलं कोण?" तिने कुबडी खाली करत विचारलं.

दोघांनी बरणी पुढे केली.

"हा? आणि याला आणलं कोणी?"

भरतीसाहेबांनी तोंड उघडलं. पण जावई आधी बोलला. "मीच सांगितलं होतं बाबांना. एखादा बघून ठेवा म्हणून. चूक माझी."

लेकीने नवऱ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. तिचे ओठ एका कोपऱ्यात वाकले, आणि ती लगेच मागे वळून फडकी आणायला गेली. दोन आणली. एक नवऱ्याला दिलं, एक बाबांना. "गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून पुसा," ती म्हणाली. "आणि बाबा, जेवलात का, हे मी दुपारी विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. पुसून झालं की दोघं जेवायला बसा. मी चालले. एक पाय वर ठेवून आलेय."

दुसऱ्या दिवशी सासरे-जावई दोघं मिळून बरणी घेऊन दुकानात गेले. विक्रेतीने बरणीकडे बघितलं आणि निःश्वास टाकला. "आलास का परत? तिसरं घर झालं तुझं!"

जावयाने तिला टाकीत कोण कोण आहे ते नीट सांगितलं. तिनेही नीट ऐकून घेतलं. दोघांनी बराच खल केला. भरतीसाहेब मागे हात बांधून, तोंड घट्ट मिटून उभे होते. शेवटी गोबी नावाचा एक मासा ठरला. करंगळीएवढा, वाळूच्या रंगाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. भरतीसाहेबांना तो अगदीच बिनचेहऱ्याचा वाटला. मुलाखतीला आला असता, तर आला कधी आणि गेला कधी हेही कळलं नसतं. पण ते एक शब्द बोलले नाहीत!

घरी आणून सोडल्याबरोबर गोबी वाळूत शिरला. आता रोज संध्याकाळी जावई कार्यशाळेतून आला, की दोघं टाकीसमोर दोन खुर्च्या मांडून बसतात. चहा होतो, गप्पा होतात, कवळ्यांच्या गमती होतात, कारखान्यातले किस्से होतात. मध्येच एकजण दुसऱ्याला कोपराने ढोसतो, "ते बघ, ते बघ!" आणि दोघं काचेला नाक लावतात.

परवा लेकीने विचारलं, "रोज एवढं काय बघता हो तुम्ही दोघं?"

"नवा मासा," भरतीसाहेब नजर न हलवता म्हणाले.

"कुठाय?"

"तेच बघतोय."